लेण्यांना वाचा देणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, कुडा, पितळखोरे, अजिंठा ही नावे आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहेत. सहलीच्या निमित्ताने आम्ही मुलांना यांपैकी एखाद्या लेण्यावर नेतो. चैत्यगृहात बसून त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, विहारातील खोल्या मोजल्या जातात, पाण्याच्या पोढीत डोकावून पाहिले जाते. मग एखादा चौकस विद्यार्थी भिंतीवरील कोरीव अक्षरांकडे पाहून विचारतो की येथे काय लिहिले आहे. आज या प्रश्नाचे उत्तर देता येते. दाता कोण, गाव कोणते, दान काय व कोणासाठी, हे सांगता येते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र या भूमीवर असा एकही मनुष्य नव्हता, जो या प्रश्नाचे उत्तर देऊ शकला असता. ती अक्षरे वाचनीय करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांपैकी एका थोर पुरुषाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. ते पुरुष म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी.

अक्षरे विसरलेला देश

ज्या लिपीत सम्राट अशोकाने आपले धम्मलेख कोरविले, ती ब्राह्मी लिपी (आपल्या समाजात तिला आज धम्मलिपी असेही म्हणतात) कालांतराने या देशाच्या विस्मरणात गेली. तिच्यातूनच देवनागरी, गुजराती, बंगाली, तेलुगू, तमिळ आदी लिप्या जन्मल्या. परंतु लेकी एवढ्या बदलल्या की त्यांना आपली माता ओळखता येईना. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा त्यांवरील लेख वाचू शकणारा एकही पंडित त्याला मिळाला नाही.

लिपी गेली आणि तिच्याबरोबर लेण्यांची ओळखही गेली. एवढ्या प्रचंड कड्यात मंदिरे खोदणे माणसाच्या हातून कसे होईल, या आश्चर्यातून लोकांनी ती पांडवांच्या नावे लावली. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेणी आजही पांडवलेणी म्हणून ओळखली जातात. भिक्खूंच्या निवासासाठी उपासक-उपासिकांनी दिलेली ही स्थाने आहेत, हे भिंतींवर स्पष्ट कोरलेले होते. पण भिंतीपुढे उभे राहणाऱ्याला ते वाचता येत नव्हते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी अक्षरांचा उलगडा केला आणि बंद दाराची पहिली कडी निघाली. दार पूर्ण उघडण्याचे काम पुढच्या पिढीकडे आले.

गिरनारच्या पायथ्याशी

भगवानलाल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी सौराष्ट्रातील जुनागड येथे झाला. त्यांचे घराणे प्रश्नोरा नागर ब्राह्मणांचे. घरी संस्कृत विद्येची आणि आयुर्वेदाची परंपरा होती, आणि त्यांचे शिक्षणही जुन्या पद्धतीनेच झाले. इंग्रजी महाविद्यालयाची पायरी ते चढले नाहीत.

परंतु त्यांच्या गावाजवळच एक असे विद्यापीठ उभे होते, की ज्याचा लाभ त्या काळच्या पदवीधरांनाही झाला नाही. गिरनारकडे जाणाऱ्या वाटेवर एक मोठी शिला आहे. तिच्यावर अशोकाचे चौदा धम्मलेख कोरलेले आहेत. त्याच शिलेवर क्षत्रप रुद्रदामनाचा इसवी सन १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेखही आहे. जवळजवळ सातशे वर्षांच्या अंतरातील तीन राजवटींची अक्षरे एकाच दगडावर शेजारी शेजारी नांदत आहेत. लिपी शतकाशतकाने कशी बदलत जाते, हे शिकण्यासाठी यापेक्षा उत्तम पाटी कोणती असणार?

प्रिन्सेप यांनी सिद्ध केलेल्या अक्षरांचा तक्ता तरुण भगवानलाल यांच्या हाती आला. तो घेऊन ते त्या शिलेपाशी जात आणि एकेक अक्षर ताडून पाहत. कोणी शिक्षक नव्हता, परीक्षा नव्हती, की या विद्येने पोट भरेल अशी आशाही नव्हती. तरीही या मुलाने ती लिपी आत्मसात केली. या प्रसंगाकडे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. साधने तोकडी असताना, केवळ एका कागदाच्या आणि आपल्या डोळ्यांच्या बळावर एक मुलगा पुढे जगन्मान्य विद्वान झाला.

डॉ. भाऊ दाजींच्या सहवासात

अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स हे गुजरातच्या इतिहासावर प्रेम करणारे इंग्रज अधिकारी होते. जुनागडच्या या तरुणाचे गुण त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांच्या शिफारशीने भगवानलाल १८६२ च्या सुमारास मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील पेडणे भागातले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले नामांकित वैद्य, गोरगरिबांना मोफत औषधोपचार करणारे लोकसेवक आणि प्राचीन इतिहासाचे गाढे व्यासंगी, असे त्यांचे बहुरंगी व्यक्तिमत्त्व होते. रुग्णांच्या गर्दीतून त्यांना दूरदूरच्या डोंगरांवर जाणे शक्य नव्हते. भगवानलाल त्यांचे डोळे आणि पाय झाले.

पुढील बारा वर्षे हा क्रम चालला. भाऊ दाजींनी खर्च करावा, भगवानलालांनी प्रवास करून लेखांच्या नकला आणाव्यात आणि मग दोघांनी मिळून अर्थ लावावा, अशी ती कार्यपद्धती होती. अजिंठा, नाशिक, कार्ले, भाजे, जुन्नर, नाणेघाट अशी लेण्यामागून लेणी भगवानलाल यांनी पायाखाली घातली. त्या काळचे लेणीदर्शन म्हणजे आजची सहल नव्हे. पायऱ्या ढासळलेल्या, वाटा झाडीत बुडालेल्या, आत वटवाघळांचा वास. अशा ठिकाणी उंचावरील झिजलेल्या ओळींवर नजर खिळवून बसावे लागे. खडकाची नैसर्गिक भेग कोणती आणि छिन्नीची रेघ कोणती, हे ठरविण्यावर सगळा अर्थ अवलंबून असे. एक काना किंवा एक अनुस्वार चुकला तर दात्याचे नाव बदले, गाव बदले, इतिहास बदले.

त्यांच्या आधी स्टीव्हन्सन, ब्रेट, वेस्ट बंधू आदींनी पश्चिम भारतातील लेखांच्या नकला व वाचने केली होती. त्यांचे श्रम मोलाचेच; परंतु भाषा न जाणणाऱ्याने उतरविलेल्या अक्षरांत पुष्कळ दोष राहिले. भगवानलाल यांची डोळस नक्कल आणि संस्कृत-प्राकृतावरील प्रभुत्व यांचा संगम झाला आणि त्यांच्या प्रती विश्वसनीय ठरल्या.

पुढे भाऊ दाजींच्याच सांगण्यावरून ते उत्तर भारताच्या दीर्घ प्रवासास निघाले. राजपुताना, दिल्ली, मथुरा, ओरिसा अशी मजल दरमजल करीत ते नेपाळपर्यंत पोहोचले. मथुरेत १८६९ मध्ये शीतलामातेच्या ओट्याच्या पायऱ्यांत बसविलेला एक सिंहशीर्ष दगड त्यांना दिसला. त्यावर खरोष्ठी लिपीत शक राजकुलाने बौद्ध संघास दिलेल्या दानाचा लेख होता. ओरिसातील उदयगिरीवर हाथीगुंफेचा झिजलेला लेख त्यांनी वाचला आणि तो कोरविणाऱ्या कलिंगाधिपतीचे खारवेल हे नाव निश्चित केले. खारवेल जैन मताचा होता. पंडितजींच्या अभ्यासात पंथाचा भेद नव्हता. दगडावर जे आहे ते जसेच्या तसे वाचावे, हाच त्यांचा धर्म होता.

१८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले. आश्रयदाता गेला, गुरुतुल्य मित्र गेला. पण काम थांबले नाही. मुंबईत अध्यापन करणारे जर्मन विद्वान गेओर्ग ब्यूलर यांच्यासारखे स्नेही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पंडितजींनी आपले निबंध गुजरातीत लिहावेत आणि ब्यूलर आदींनी ते इंग्रजीत उतरवून जगापुढे ठेवावेत, असा क्रम सुरू झाला. नेपाळातील लेखांवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध असाच गुजरातीतून इंग्रजीत गेला. ज्ञान मिळविण्यासाठी इंग्रजी हवीच, असे मानून आपल्या मुलांना स्वतःच्या भाषेत विचार करण्याची लाज वाटू लागली आहे. अशा काळात पंडितजींचे हे उदाहरण प्रत्येक पालकाने ध्यानी ठेवावे.

नाणेघाट आणि त्रिरश्मी

जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट हा सातवाहनकाळातील व्यापाराचा राजमार्ग. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. तो यज्ञांचा आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेचा आहे; गाई, घोडे, कार्षापण यांच्या संख्या त्यात अंकांनी दिलेल्या आहेत. हे अंक आजच्यासारखे नव्हेत. दहा, वीस, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे होती. नाशिकच्या लेखांत काही ठिकाणी तीच संख्या आधी शब्दांत आणि लगेच अंकांत लिहिलेली आढळते. शब्द वाचता आला की शेजारचे चिन्ह आपोआप आपले मूल्य सांगते. अशा ताळ्यांनी पंडितजींनी प्राचीन अंकचिन्हांची संगती लावली आणि १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने भारतीय अंकांच्या इतिहासाला भक्कम पाया मिळाला.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील लेख ही तर महाराष्ट्राच्या इतिहासाची तिजोरीच होय. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने भिक्खुसंघास दिलेल्या लेण्याचा लेख तेथे आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेखही तेथेच आहेत. त्यांपैकी एका लेखाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो.

उषवदाताने लेणे दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांचा कायम निधी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. आमच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. शेकडा एक प्रमाणे दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा प्रमाणे वाटले तर बरोबर दोनशे चाळीस. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आजही कवडीचा फरक न पडता जुळतो. वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी कायम ठेव ठेवणाऱ्या आपल्या दात्यांची परंपरा किती प्राचीन आहे, हे या भिंतीने सांगितले. आणि ती भिंत वाचता आली ती पंडितजींसारख्यांच्या श्रमाने.

राजकुलाच्या दानाहूनही हृद्य आहेत ते सामान्यांचे लेख. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार करणारा धेनुकाकटचा सुतार सामि, तेथेच स्तंभ देणारे यवन, कुडा येथे दान देणारा माळी, कान्हेरीस पोढी आणि खोल्या देणारे कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, जुन्नरला लेणे देणारी धान्यविक्रेत्यांची श्रेणी, ठिकठिकाणच्या भिक्खुणी, गृहिणी, माता आणि कन्या. एकेकाने एक स्तंभ, एक खोली, एक टाके दिले आणि त्यापुढे देयधम्म हा शब्द कोरविला. धम्मभावनेने दिलेले दान, असा त्याचा अर्थ. पांडवांनी एका रात्रीत खोदली असे ज्यांच्याविषयी सांगितले जाई, ती लेणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टकऱ्यांच्या वर्गणीतून उभी राहिली होती.

१८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि पंडितजी या दोघांच्या नावे पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतही नाशिक, ठाणे आदी जिल्ह्यांच्या खंडांसाठी त्यांनी आपल्या ज्ञानाचे भांडार मोकळे केले.

सोपाऱ्याचा स्तूप

पंडितजींच्या आयुष्यातील सर्वांत उज्ज्वल दिवस एप्रिल १८८२ मध्ये उगवला. वसईजवळचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. बौद्ध वाङ्मयात सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. तो भगवंतांना शरण गेला आणि त्याने आपल्या प्रदेशात धम्म रुजविला. गावाजवळ एक उंचवटा होता. लोक त्यास बुरुड राजाचा कोट म्हणत. हा कोट नसून स्तूप असावा, हे पंडितजींनी ताडले आणि तेथे उत्खनन केले.

विटांच्या भरीव बांधकामाच्या मध्यभागी दोन भागांचा वाटोळा दगडी करंडक लागला. झाकण दूर होताच आत आठ कांस्यमूर्तींचे कडे दिसले: विपस्सीपासून गौतमापर्यंतचे सात बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. मधोमध तांब्याचा करंडक होता. त्यात चांदीचा, चांदीच्यात पाषाणाचा, पाषाणाच्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले, रत्ने आणि मणी. सोन्याच्या त्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. पंडितजींनी ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे अवशेष मानले. बाहेर तांबे, चांदी, स्फटिक आणि सोने, आणि या सर्वांनी सांभाळलेले काय, तर माती! संपत्तीने कोणापुढे नतमस्तक व्हावे, याचा एवढा मूक आणि एवढा स्पष्ट उपदेश आम्हांस अन्यत्र आढळला नाही.

करंडकासोबत गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावरून मूळ प्रतिष्ठापना दुसऱ्या शतकाच्या सुमाराची असावी असे दिसते. कांस्यमूर्ती मात्र त्यानंतर कित्येक शतकांनी घडविलेल्या आहेत. म्हणजे मध्यंतरी कोणा श्रद्धावंतांनी स्तूप उघडून, या मूर्ती ठेवून, तो पुन्हा श्रद्धेने बंद केला असला पाहिजे. त्याच वर्षी सोपाऱ्याच्या भाटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही पंडितजींना मिळाला. राजाने विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगणारा हा लेख आहे. अशोकाचा शब्द कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता, हे त्यामुळे निर्विवाद सिद्ध झाले. स्तूपातील अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे सुपूर्द झाले. नालासोपाऱ्याचा तो स्तूप आज आपल्या समाजाचे श्रद्धास्थान आहे.

अखेरचे दिवस

पंडितजींची कीर्ती युरोपात पसरली. हाथीगुंफेच्या लेखावरील त्यांचा निबंध १८८३ च्या लायडन येथील प्राच्यविद्या परिषदेपुढे आला आणि लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. कॉलेजात कधीही न गेलेल्या जुनागडच्या त्या मुलाच्या नावापुढे डॉक्टर ही उपाधी लागली. राहणी मात्र तीच राहिली. मुंबईत वाळकेश्वर येथील घरात नाणी, ताम्रपट, ठसे आणि पोथ्या यांच्या राशीत त्यांचा दिवस जाई.

१६ मार्च १८८८ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. क्षत्रपांच्या नाण्यांवरील आणि गुजरातच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचे लेखन त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. आयुष्यभर जमविलेला संग्रह त्यांनी मृत्युपत्राने सार्वजनिक संस्थांना देऊन टाकला. मथुरेचे सिंहशीर्ष आणि नाणी ब्रिटिश म्युझियमला, तर हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला मिळाली. तेथे डॉ. भाऊ दाजींचा हस्तलिखितसंग्रहही आहे. आयुष्यात एकत्र काम केलेल्या या दोन मित्रांची ग्रंथसंपदा आजही एकाच छताखाली नांदते आहे. लेण्यांच्या भिंतींवरील दात्यांची नावे ज्यांनी जगाला वाचून दाखविली, ते स्वतःही अखेर दातेच ठरले.

आपले ऋण, आपले कर्तव्य

पंडितजी बौद्ध नव्हते. सनातनी ब्राह्मण घराण्यात ते जन्मले आणि त्याच आचारात राहिले. त्यांच्या काळी ज्यांना अक्षराला स्पर्श करण्याचीही मुभा नव्हती, अशांची नातवंडे-पतवंडे आज ही स्मरणिका वाचीत आहेत, हे आम्ही विसरू शकत नाही आणि विसरूही नये. तरीही ज्याने सत्य जसे दिसले तसे सांगितले, त्याचे ऋण मानणे हीच बुद्धाची शिकवण आहे. पांडवांची म्हणविली जाणारी लेणी भिक्खुसंघाची होती, हे सिद्ध करणाऱ्यांत या नागर ब्राह्मणाचा वाटा फार मोठा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर ही लेणी आपल्यासाठी निव्वळ पुराणवस्तू राहिली नाहीत. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला धम्म दिला आणि त्याबरोबर या डोंगरांवरील वारसाही आपल्या हाती आला. औरंगाबादच्या लेण्यांच्या शेजारी त्यांनी नागसेनवन वसविले आणि त्या परिसरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, यात एक संकेत आहे. विहार आणि विद्यालय या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने वेगळ्या नव्हत्या.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे. लेण्यावर जाताना केवळ छायाचित्रे घेऊन परतू नका. सोबत धम्मलिपीचा तक्ता न्या आणि मुलांकडून निदान एका दात्याचे नाव वाचवून घ्या. हा तक्ता आता दुर्मीळ नाही आणि तो शिकण्यास कोणाची आडकाठीही नाही. कोरीव भिंतींवर खडूने, रंगाने वा टोकदार दगडाने आपले नाव लिहिणाऱ्यास नम्रतेने थांबवा. सामि सुताराने दार घडविले, म्हणून त्याचे नाव तेथे आहे. आपण काही दिल्यावाचून आपले नाव तेथे लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. द्यायचेच असेल, तर शिकणाऱ्या मुलाच्या पुस्तकासाठी द्यावे, त्याच्या जेवणाच्या ताटासाठी द्यावे. आजचा देयधम्म तो हाच.

ज्यांनी मुक्या भिंतींना वाचा दिली, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या स्मृतीस आम्ही संस्थेच्या वतीने कृतज्ञतापूर्वक अभिवादन करतो.